आप्पांचं समुद्रस्नान

माझ्या आत्याच्या यजमानांइतका शूर पुरुष बेळगावच्या उभ्या शहापुरात दुसरा नव्हता, हे खुद्द त्यांनीच आम्हाला अनेकदा सांगितलं होतं. सगळी पेठ त्यांना आप्पा म्हणे. मागावर बसून धोटा फेकता फेकता ते वाघ पळवीत, दरोडेखोर लोळवीत, आणि काकतीच्या वाटेवर तर एका भुताकडे त्यांनी चक्क तंबाखू मागितली होती. प्रत्यक्षात बोळात म्हैस आडवी उभी दिसली, की आप्पा वळसा घालून दुसऱ्या गल्लीतून घरी येत. "मुक्या जनावराला कशाला तरास द्यायचा रं?" असं वर म्हणत. पाण्याशी तर त्यांचं वैरच होतं. विहिरीत ते जन्मात डोकावले नाहीत, आणि नदी पुलावरून ओलांडतानासुद्धा चपला हातात घेत.

अशा माणसाला समुद्रावर जावं लागलं ते आत्यापायी. ती विषमज्वरातून उठली, पण तिचे केस गेले आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टर म्हणाले, "वेंगुर्ल्याला न्या. समुद्राची हवा लागू द्या." बेळगावातली हौशी मंडळी उन्हाळ्यात तिकडे जातच असत. आप्पांनी माग थांबवला, बराच वेळ सुतावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "मास्तर, तू संगं चल. तुज्या आत्याला भ्या वाटंल."

आंबोलीचा घाट लागताच त्यांनी डोळे मिटून माझं जे मनगट धरलं, ते थेट सावंतवाडीला सोडलं. "झोप लागलती," ते म्हणाले.

वेंगुर्ल्याच्या वाळूवर साहेबी टोप्या होत्या, शहाळी होती, पोरांचा दंगा होता. आत्या कानापर्यंत पदर ओढून लांबच बसली. आप्पांनी कमरेवर हात ठेवून समुद्र न्याहाळला. "एवढंच व्हय? लई बोलबाला ऐकलता." मग तिच्याजवळ बसून हळूच म्हणाले, "चल की गं. पाय तर भिजीव."

"तुमीच जावा," ती खाली बघत म्हणाली.

आणि आप्पा गेले! धोतर, कोट, पटका, सगळ्यांसकट. पाणी घोट्याला लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, गुडघ्याला लागलं तेव्हा मारुतीचा धावा सुरू केला, आणि तेवढ्यात एका लाटेनं त्यांना उताणं पाडलं. पटका सुटून पाण्यावर लांबच लांब पसरला.

"धर रं मास्तर! न्हेतंय मला!"

मी उठेपर्यंत आत्या धावलीसुद्धा होती. पदर खांद्यावर घसरलेला, नव्यानं फुटलेले बोटभर केस वाऱ्यावर ताठ उभे. तिनं त्यांची कॉलर धरली. "अवं, हुबं ऱ्हावा की! गुडघाभर पानी हाय!" आणि ती हसू लागली. हसता हसता तीही पाण्यात बसली. तोंडातलं खारं पाणी थुंकत आप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

"आनि एकदा पडू का?" त्यांनी विचारलं.

आता दोघंही नाहीत. मला मात्र ती संध्याकाळ अजून दिसते: ओल्या पटक्याचं एक टोक आप्पांच्या हातात, दुसरं आत्याच्या, मधे वाऱ्यानं फुगलेलं कापड. ऊन उतरलं तरी दोघं तशीच उभी होती. निघताना आत्यानं समुद्राकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "उद्या जरा लवकर येऊ या."