दादाच्या श्वासाचा आकडा

छाती आणि हृदयाच्या वॉर्डात तिला सगळे फुंकताई म्हणत. पेशंटांची सिगारेट सोडवायचं काम तिचं, आणि खरं-खोटं करायला ती प्रत्येकाला श्वासातला धुराचा विषारी वायू मोजणाऱ्या एका छोट्या यंत्रात फुंकायला लावी. आकडा सहाच्या आत आला तर ठीक, वर गेला तर चोरी उघडी. बारा वर्षांत पेशंटांनी नाना सोंगं केली. एका ड्रायव्हरने तर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला आपल्या जागी फुंकायला बसवलं होतं. फुंकताई ओरडत नसे. खाटेवर टेकून विचारी, दिवसातली पहिली कधी ओढता, उठल्या उठल्या की चहानंतर? तिथून ती गाठ सोडवायला घेई.

मग तिचा थोरला भाऊच त्या वॉर्डात आला. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. वडील गेल्यावर याच दादाने शाळा सोडून छापखान्यात काम धरलं होतं, तिला नर्सिंगला घातलं होतं. त्याला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली. सर्जनची अट एकच: सिगारेट चालू असेल तर सहा आठवडे पुढे. दादा छातीठोकपणे सांगत होता, महिना झाला सोडून.

बुधवारी सकाळी तिने यंत्र त्याच्यापुढे धरलं. आकडा आला एकोणीस.

मागच्या जिन्यात दोनच ओढल्या, असं दादा पुटपुटला. मग म्हणाला, "चार लिही. तुझ्याशिवाय कोण बघतंय?"

"आणि टेबलावर काही झालं तर?"

"आणि सहा आठवडे थांबून घरीच मेलो तर?"

खरं लिहावं तर तो वाट बघता बघता जाईल, खोटं लिहावं तर तिच्या हाताने जाईल. कागद घेऊन ती औषधांच्या खोलीत दार लावून उभी राहिली. बाहेरून तिला हाका पडत होत्या. तिने एकोणीस लिहिलं.

शस्त्रक्रिया सहा आठवडे पुढे गेली, दादाला घरी पाठवलं. वहिनीने बोलणं टाकलं. रोज ड्यूटी संपली की फुंकताई यंत्र घेऊन दादाच्या घरी जाई. वहिनी दार उघडून आत निघून जाई. दादा मुकाट्याने फुंके आणि यंत्र परत देई. बहिणीवरच्या रागाने असेल, पण त्याने सिगारेटला पुन्हा हात लावला नाही. आकडा पाचवर आला, मग तीनवर. तिचा जीव मात्र टांगणीला. फोन वाजला की हातातलं काम टाकून ती धावे.

चौथ्या आठवड्यात भर दुपारी तो फोन आला. वहिनी एवढंच म्हणाली, "छातीत कळ आलीय. या आता बघायला."

दादाला वॉर्डात आणलं, सावरलं, आणि सर्जनने दुसऱ्याच दिवशी त्याला टेबलावर घेतलं. शस्त्रक्रिया नीट पार पडली. आधी धुरासकट केली असती तर काय झालं असतं, हे तिने सर्जनला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही.

दादा आता सिगारेट ओढत नाही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "सख्ख्या बहिणीने मला महिनाभर फासावर टांगून ठेवलं होतं." वहिनी सोडून सगळे हसतात. समोर चहाचा कप धरून बसलेली फुंकताईही हसते, आणि उठण्याइतका वेळ झाला का ते बघते. दर रविवारी जावंच लागतं. भाऊ आहे.