बाईंचं कोरं मशीन

आमच्या बाई कोणाला काम शिकवायला बसल्या की स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायच्या. पाठ ताठ, चष्मा कपाळावर आणि तळहात मांडीखाली. विचारलं तर म्हणायच्या, "हात मोकळे राहिले की कीबोर्डकडे जातात. मग शिकणारा राहतो बाजूला आणि काम मीच करून मोकळी होते." परळच्या त्या काचेच्या इमारतीत, पंचविशीतल्या पोरांच्या घोळक्यात ही चोपन्न वर्षांची बाई अशी बसलेली पाहून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. ते हसू आठवडाभरही टिकलं नाही.

ऑफिसात सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत होती, पण यांना मॅनेजरसुद्धा 'बाई'च म्हणायचा. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, घरातल्या पहिल्या इंजिनिअर. चौदा एप्रिलला कंपनीची सुटी नसली तरी बाईंची असायची. दुसऱ्या दिवशी त्या पेढे आणायच्या, आणि "कशाचे?" असं विचारणाऱ्याचा पेढा डब्यात परत जायचा. दुसऱ्या वर्षी कोणी विचारायचं नाही.

आमचं काम असं. शहरातल्या दवाखान्यांतून रोज तापाच्या रुग्णांची माहिती यायची. आमच्या सिस्टीमचा एक भाग ती माहिती आत घ्यायचा, दुसरा साफ करायचा, तिसरा आकडेमोड करायचा आणि चौथा अहवाल काढायचा. तो अहवाल बघून कोणत्या वस्तीत आधी फवारणी करायची ते आमचा ग्राहक ठरवायचा. हे चार भाग चार वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले. एकाला जी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, नवी लागायची तीच दुसऱ्याला जुनी हवी असायची. चार जावांना एकाच ओट्यावर स्वयंपाक करायला लावावा, तसं हे सगळं एका मशीनवर नांदवायचं होतं.

त्यासाठी बाईंचा एक कागद होता. कागद म्हणजे एकोणीस पानं, स्वतः लिहिलेली, स्वतः प्रिंट काढलेली. नव्या माणसाला कोरं मशीन, म्हणजे आत काहीच न टाकलेला संगणक, द्यायचं, हा कागद द्यायचा आणि म्हणायचं, कर सेटअप. कोणाला विचारायचं नाही. अडलं की थांबायचं आणि तिथे लाल पेनाने खूण करायची. मी दुसऱ्याच पानावर अडले तेव्हा कानकोंडी होऊन खूण केली. बाई म्हणाल्या, "तू नाही अडलीस गं. कागद अडला. तू फक्त मला ते दाखवलंस."

पण ही पद्धत मी यायच्या वर्षभर आधीच बंद झाली होती. आमचा टीम लीड निखिल हुशार मुलगा. त्याने स्वतःच्या मशीनवरचा अख्खा सेटअप जसाच्या तसा कॉपी करून द्यायला सुरुवात केली. अर्ध्या तासात माणूस कामाला लागायचा. मॅनेजर खूश झाला आणि 'यापुढे कोरं मशीन बंद' असा मेल आला. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. मला त्यांच्या हाताखाली दिलं तेव्हा मात्र त्यांनी मला गुपचूप कोरं मशीनच दिलं.

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. मुलीसाठी बारा वर्षं घरी काढून परत नोकरीला लागले होते, तीही तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर. आठव्या दिवशी माझी सिस्टीम एकदाची चालली. आणि अहवालातले माझे आकडे बाकी सगळ्यांपेक्षा कमी आले. निखिल सगळ्यांसमोर म्हणाला, "सगळ्यांचं मॅच होतंय, हिच्याच मशीनवर कसं काय होत नाही?" मॅनेजरने कळवलं, माझं काय करायचं ते शुक्रवारी ठरवू.

मी बाईंवर भडकले. कॅन्टीनमध्ये त्यांच्यासमोर डबा आपटून म्हटलं, "तुमच्या तत्त्वापायी माझी नोकरी का घालवता? तुमची पक्की आहे. मला लालबागला घरी जाऊन काय सांगायचं?"

बाईंनी शांतपणे घास संपवला. "आत्ता उठते आणि निखिलची कॉपी टाकून देते. जेवण उतरायच्या आत तुझा आकडा सगळ्यांसारखा होईल," त्या म्हणाल्या. "पण मग तुझा आधीचा आकडा कुठून आला होता, ते कोणालाच कधी कळणार नाही. बोल, टाकू?"

मला खरोखर 'टाका' म्हणायचं होतं. पण अपमान इतका लागला होता की तोंडातून 'नको' निघालं. शुक्रवारपर्यंत दोन दिवस होते.

मी माझ्या मशीनवरचा लालबागचा अहवाल दिवसावार काढला. चार ऑगस्टला आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तापाचा रुग्ण एकही नाही. शून्य. त्या दिवशी त्याच दवाखान्यात मी तापाने फणफणलेल्या मुलीला घेऊन दीड तास रांगेत उभी होते. पुढेमागे आमच्याच चाळीतली पोरं होती. शून्य कसं असेल? शोधत गेले तेव्हा ती सगळी रांग आठ एप्रिलला उभी असलेली सापडली. दवाखाने ४/८ असा दिवस आधी लिहायचे, सिस्टीम मात्र महिना आधी आणि दिवस नंतर वाचत होती. तेरा तारखेपासून पुढे सगळं बरोबर, कारण तेरावा महिना नसतो. पहिल्या बारा दिवसांतला ताप मात्र भलत्याच महिन्यांत जाऊन बसत होता.

बाईंना दाखवलं. त्यांनी हात मांडीखालून काढले आणि माझ्या कीबोर्डवर ग्राहकाच्या सर्व्हरवरचा खरा अहवाल उघडला. तिथेही चार ऑगस्टला शून्य. ग्राहकाने त्याचा सर्व्हर बाईंच्याच कागदावरून, कोऱ्यापासून उभा केला होता. माहिती साफ करणारा भाग नवा आला तेव्हा निखिलने स्वतःच्या मशीनवर एका फाइलमध्ये 'आधी दिवस, मग महिना' असं लिहून ठेवलं होतं आणि तो ते विसरला होता. कॉपीबरोबर ती फाइल सगळ्यांकडे गेली, कागदावर आलीच नाही. ऑफिसातली सगळी मशीनं बरोबर होती. चुकत होतं माझं एकटीचं, आणि जिथून फवारणी ठरायची ते.

शुक्रवारी माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मॅनेजर म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून दुरुस्त करून टाकू. मागचं उकरायला नको." बाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात ताप आलेल्या माणसांना पण असंच सांगायचं का?" जागेवर जाऊन त्यांनी ग्राहकाला पत्र लिहिलं. चूक काय, किती महिन्यांची, सगळं. खाली लिहिलं, 'माहिती साफ करणारा नवा भाग आला तेव्हा हा कागद कोऱ्या मशीनवर पुन्हा चालवून बघायला हवा होता. बंद करा असा मेल आला म्हणून मी थांबले. ही चूक माझी.' मी म्हटलं, ते शेवटचं कशाला लिहिता, त्यावरच धरतील तुम्हाला. "धरू देत. उभ्या आयुष्यात एकदा गप्प बसून ऐकलं, त्याचं हे असं झालं," बाई म्हणाल्या.

त्यावरच धरलं. ग्राहकाने आभार मानले, जुने अहवाल नव्याने करून घेतले, मी कायम झाले. बाईंची नोकरीही पक्की नव्हती, करारावरची होती, हे मला तेव्हा कळलं. तो करार मे महिन्यात संपला तो पुन्हा झाला नाही. ऑफिसभर मेल फिरला, 'बाई निवृत्त होत आहेत', आणि दुपारी केक आला. त्यावरही क्रीमने तेच लिहिलेलं.

सगळे गोल करून उभे. बाईंनी चष्मा खाली घेतला, केक वाचला आणि मॅनेजरला म्हणाल्या, "मी निवृत्त होत नाहीये. मला काढलंय. चुकीचं लिहिलेलं मी कागदावर ठेवत नाही, केकवर कशाला ठेवू?" आणि सुरीने ती अक्षरं नीट खरवडून काढून मगच केक कापला. सगळ्यांना स्वतःच्या हाताने दिला. निखिल मान खाली घालून उभा होता, त्याला जरा मोठाच तुकडा दिला.

मी जागेवर आले आणि त्या मेलला उत्तर लिहिलं, सगळ्यांना जाईल असं. 'दुरुस्ती. बाई निवृत्त झालेल्या नाहीत. खरं लिहिलं म्हणून त्यांना काढलं आहे.' खाली माझं पूर्ण नाव. पाठवायचं बटण दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पाठवलं.

खाली फाटकापर्यंत त्यांना सोडायला गेले. बाईंनी फोनवर माझा मेल वाचला, फोन पिशवीत ठेवून दिला. शाबासकी दिली नाही. एवढंच विचारलं, "उद्या येतेस ना ऑफिसला? का आता तोंड लपवून घरी बसतेस?"

"येणार," मी म्हटलं. "काढतील तोपर्यंत रोज येणार."

"मग ठीक," म्हणून बाई नायगावच्या दिशेने चालू लागल्या. त्याला आता दीड वर्ष होईल. मला अजून कोणी काढलेलं नाही, आणि मी एकही दिवस चुकवलेला नाही.