२०५० पर्यंतची पाळी

दुबलगुंडीच्या शिवारातल्या सामाईक विहिरीवर अंकुशराव हातात मोठा पाना घेऊन उभे होते. सकाळची पाळी त्यांची, पण त्यांच्याकडचा व्हॉल्व्ह उघडत नव्हता. नुकतं लावलेलं आलं उन्हात तापत होतं, आणि दुपारी पाणी चुलतभाऊ धनराज यांच्याकडे वळणार होतं. व्हॉल्व्ह चालवणारा प्रोग्राम धनराजांच्या सुनेनं, शिवलीलानं लिहिलेला. ती कलबुर्गीच्या एका कंपनीच्या सर्व्हरचं काम घरूनच करते.

“सासऱ्याची पाळी बरी कधी चुकत न्हाई,” अंकुशराव तिला म्हणाले.

मोटारीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून शिवलीलानं लॅपटॉप उघडला. अंकुशरावांची पाळी संपल्याचं साल दिसत होतं १९१३.

“तवा माझा बापबी जन्मला नव्हता!”

सर्व्हर १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठेवतो. त्या आकड्याला तिनं बत्तीस बिटांची जागा दिली होती. ती जानेवारी २०३८ पर्यंतच पुरते. त्यापुढचा आकडा उणे होतो आणि तारीख मागच्या शतकात जाते. आदल्या दिवशी पाळ्या नव्यानं भरताना त्या कधीपर्यंत ठेवायच्या, यावर धनराजांनी पुढचंच साल सांगितलं होतं, अंकुशरावांनी २०५०.

“सध्या सदतीस टाक. पाणी तरी सुटंल,” विहिरीजवळ उभे असलेले धनराज सुनेला म्हणाले.

“कामून? मग अडतीसला म्हणशील, तुझी पाळी सपली! आज्याच्या वाटणीचं पाणी हाय. एक दिस कमी करायचा न्हाई.” अंकुशरावांनी पाना व्हॉल्व्हच्या बोल्टाला लावला.

“अण्णा, तोडलात तर दोघांचंबी पाणी जाईल. जरा थांबा,” शिवलीला म्हणाली.

तिनं डेटाबेसमध्ये आणि कोडमध्ये, दोन्हीकडे, चौसष्ट बिटांची जागा केली. सर्व्हर पुन्हा सुरू केला. व्हॉल्व्ह बंदच.

“काय करायलीस गं?” पाना अर्धा वळला.

जागा वाढली होती, पण आत साठलेला आकडा आधीच बिघडलेला होता. तो आपोआप सुधारणार नव्हता.

“अण्णा, तारीख पुन्हा सांगा.”

“तीच. दोन हजार पन्नास.”

तिनं तारीख भरली. व्हॉल्व्ह खटकन उघडला, पाइप थरथरला. अंकुशरावांनी बोल्ट परत घट्ट केला, पण पाना खाली ठेवला नाही. दुपार होत आली होती. बरेच वाफे कोरडे होते. ते धनराजांकडे बघत राहिले.

“तुझं भिजूस्तोवर चालू दे आज,” धनराज शेवटी म्हणाले. मग सुनेकडे वळले. “आन् माझीबी पन्नासचीच टाक.”