शी-सरांची 'किल्ली'

"शी!" हा आमच्या सरांचा आवडता शब्द. चहात माशी सापडावी तसं तोंड करून ते तो उच्चारत, आणि बहुतेक वेळा कुणाचा तरी पासवर्ड पाहून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भिंगारच्या एका खासगी कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. मुलं पासवर्ड म्हणून स्वतःचं नाव टाकत, नाहीतर गाडीचा नंबर. "शी! ह्यो पासवर्ड हाय व्हय? दाराला कडी लावायची आन् वर पाटी लावायची, कडी अशी काढा म्हणून!" मुलांनी त्यांचं नाव शी-सर ठेवलं.

शेवटी वैतागून त्यांनी 'किल्ली' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर एवढा एक शब्द टाइप केला की तो कशाचाच अर्थ नसलेला पासवर्ड काढून द्यायचा. मागेल त्याला सर तो फ्लॉपीवर फुकट देत, सोर्सकोडसकट. "उघडून बघा, बदला, चुकलं तर सांगा. झाकून ठिवलं की किडं पडत्यात." शेवगावहून येणाऱ्या एका मुलीने सांगितलं, की इंग्रजी 'एल' आणि एकचा आकडा सारखेच दिसतात, मुलं अडतात. सरांनी त्याच दुपारी दोन्ही काढून टाकले आणि आठवडाभर भेटेल त्याला तिचं कौतुक सांगितलं.

परीक्षेच्या पेपरची फाइलही 'किल्ली'च्याच पासवर्डने बंद असे. एका सकाळी तीच मुलगी घाबरून आली. "सर, मला आज मिळालेला पासवर्ड सहज लावून पाहिला, तर पेपर उघडला."

सरांनी दुपारपर्यंत कारण शोधलं. क्लासच्या मशीनवर 'किल्ली' टाइप करायचीही गरज नव्हती; मशीन सुरू होताच ती आपोआप चालायची आणि घड्याळातल्या वेळेवरून अक्षरं निवडायची. मशीनमधलं घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी मेली होती. वीज गेली की घड्याळ त्याच एका जुन्या तारखेवर जाऊन बसायचं. मशीन पुन्हा सुरू केलं की तीच वेळ, तोच पासवर्ड. आणि भिंगारात वीज रोज जायची.

मालकांना क्लासची अब्रू जपायची होती. मुलीने पेपर चोरला, असं लिहिलेला कागद त्यांनी आम्हा दोघांपुढे सहीसाठी ठेवला.

"चूक माझ्या प्रोग्रॅमची हाय. पोरीनं ती दाखवली, आन् तिलाच चोर म्हणायचं?" सरांनी कागद ढकलून राजीनामा लिहिला. मी त्या कागदावर सही केली. वर मालकांनी मागवलेला चहाही प्यालो. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. सर त्यांना समजवायला गेले, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. ते मुलीला घेऊन गेले आणि तिचं शिक्षण तिथेच संपलं.

जाण्यापूर्वी दोन दिवस सर 'किल्ली' दुरुस्त करत बसले. घड्याळाचा भरवसा सोडून, माणूस बटणं दाबताना मध्ये किती थांबतो त्यावरून अक्षरं काढायची, असं त्यांनी ठरवलं. मग फ्लॉपी नेलेल्या प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकलं: माझ्या किल्लीत दोष आहे, वापरू नका, नवी घेऊन जा. मी शेजारी बसून पत्ते लिहून दिले. तेवढाच माझा पराक्रम.

पुणतांब्याला, आपल्या गावी, निघालेल्या सरांना सोडायला मी नगरच्या स्टँडवर गेलो. तिथे एकदाचं तोंडातून निघालं: बॅटरी मेल्याचं मला दिवाळीपासून ठाऊक होतं. मशीनवरच्या हजेरीची वेळ चुकू नये म्हणून मी रोज घड्याळ हाताने लावायचो. कुणाला सांगायचा मात्र कंटाळा केला.

"मग आता तिच्या बापाला जाऊन सांगा," सर म्हणाले. "माझं त्यांनी ऐकलं न्हाई. तुमची सही हाय, तुमचं ऐकतील."

"जातो," मी म्हणालो.

त्यांची गाडी सुटली. मुलीच्या गावची, शेवगावची गाडी शेजारच्याच फलाटावर उभी होती, निम्मी रिकामी. येताय का, असं कंडक्टरने मला विचारलंसुद्धा. मी रिक्षा केली आणि भिंगारला परत आलो.