फोटोतली बीएमएक्स

आमच्या घरी सायकल घेण्याची ऐपत नव्हती. कारंज्याच्या फोटो स्टुडिओतल्या बीएमएक्स सायकलवर बसवून बाबांनी माझा फोटो काढला, तेवढीच हौस. पुढे घरातला पहिला पदवीधर मी झालो.

बोरगाव मेघ्यातला एक सायकलवाला जुन्या बीएमएक्स पुन्हा उभ्या करतो. त्यासाठी लोकांचे अल्बम मागून पाहतो. "लेकरू राहू द्या जी, चाक दाखवा," म्हणतो. अंदाजानं काहीच लावत नाही. एका सायकलचं काम हँडलच्या आडव्या दांडीवरच्या गादीच्या रंगापायी दोन वर्षं अडलेलं. तशीच सायकल माझ्या फोटोत होती, म्हणून तो फोटो त्याला नेऊन दिला.

त्यानं भिंग लावलं. "सर, तुमी हात काऊन ठेवला जी तिथंच?"

मग माझ्या बोटांच्या फटीत त्याला रंग दिसला. "पिवळी हाये!"

आठवड्यात पिवळी गादी शिवून झाली. सायकल पूर्ण झाली.