मागचा हुक

देवावर माझा राग कधीच नव्हता. ओळखच बेताची होती. त्यामुळे डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हा "मलाच का?" असं विचारायला हक्काचं कुणी नव्हतं. स्तन काढावा लागणार हे लवकर ठरलं. अडलं ते पुढे. नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी जात होते, तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याच वेळी पाठीचा एक स्नायू पुढे वळवून नवा स्तन घडवता येईल. तो स्नायू रोबोच्या मदतीनं, काखेतल्या छोट्या छेदातून सोडवू. पाठीवर लांब व्रण राहणार नाही. हवं की नको, ते उद्या सकाळपर्यंत सांगा.

मी सत्तावन्न वर्षांची, विधवा, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त व्हायला आलेली. मला ते हवं होतं, आणि हवं असण्याचीच लाज वाटत होती. सोबत आलेली माझी नणंद पुष्पा म्हणालीच, "वहिनी, जीव वाचला म्हणजे झालं. या वयात ते आणखी कशाला?" मी "खरंय" म्हणाले. ते खोटं होतं.

रोबो पाहायची मात्र मला फार उत्सुकता. तो दिसला तो प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर, गळ्यात झेंडूचा हार, भोवती फीत कापणारे पाहुणे. त्या फोटोत यंत्र सोडून सगळे हसत होते. डॉक्टरबाईंनी न कंटाळता समजावलं, की यंत्र आपल्या मनानं काही करत नाही. त्या स्वतः शस्त्रक्रियेच्या खोलीच्या कोपऱ्यात बसून पडद्यात पाहत बोटं हलवतात, तसतसे टेबलाजवळचे बारीक यांत्रिक हात हलतात. सगळं समजलं. पण माझा प्रश्न यंत्राचा नव्हताच.

फलकाशेजारी सप्तशृंगीची तसबीर होती. पुष्पा डोळे मिटून उभी राहिली, म्हणून मीही राहिले. मनात म्हटलं, अठरा हात आहेत तुला, एक बोट तरी माझ्याकडे कर. प्रार्थना म्हणून हे उद्धटच होतं.

मग तपासणीआधी कपडे बदलायच्या खोलीत गेले. पडद्याआडून आवाज आला, "कोण आहे? ताई, जरा मागचा हुक लावता का? हात जात नाही अजून."

पंचेचाळिशीची बाई पाठमोरी उभी होती. मी हुक लावला आणि तिथेच पाहत राहिले. पाठ स्वच्छ होती, कुठेही व्रण नाही. विचारू नये ते विचारलं, "तुमचंही रोबोनं झालं?"

"हां, तीन महिने झाले. तुमचं कधी?"

ती मालेगावची, घरी कपडे शिवणारी. माझं अजून ठरत नाही म्हटल्यावर तिनं लावलेला हुक मला परत काढायला लावला. काखेतला व्रण दाखवला, मग पुढचं सगळं. "हात लावून बघा. शरमाताय काय, मी पण बाईच आहे." मी हात लावला. उबदार होतं. का कोण जाणे, मला थंड लागेल असं वाटलं होतं.

"मला तिथं काही कळत नाही हां," ती म्हणाली. "चिमटा काढा पायजे तर. पाठीत पाणी साठलं, दोनदा सुईनं काढलं. मशीनवर अजून फार वेळ बसवत नाही. झूठ कशाला बोलू? पण कपडे घातले की दिवसभर विसरून जाते मी."

"या वयात कशाला, असं कुणी म्हणालं नाही?"

"सास बोलली ना! कोणाला दाखवायचंय म्हणे. मी म्हटलं, अम्मी, तुम्ही बत्तीशी बसवली ती कोणाला दाखवायला?"

मी इतकी हसले की बाहेरून पुष्पानं दार वाजवलं. हसता हसता रडले, त्या आजारात पहिल्यांदाच. तिनं ओढणीनं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला, हुक लावा परत. माझी बस जाईल."

बाहेर येऊन पुष्पाला सांगितलं, "मला हवंय." ती "बरं" म्हणून पिशवी उचलून डॉक्टरबाईंच्या खोलीकडे चालू लागली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी यंत्र प्रत्यक्ष पाहिलं. नव्या सोफ्यासारखं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. आयुष्यभर मी कुठलंही पुस्तक शेवटचं पान आधी पाहून मगच वाचलं. इथे ती सोय नव्हती. भूल चढताना मनात म्हणाले, आता तुमचं तुम्ही बघा. ते डॉक्टरबाईंना की आणखी कुणाला, मलाही ठाऊक नाही.

देव धावून आल्याच्या गोष्टींत मदतीला आलेली व्यक्ती पुढे कुणाला सापडत नाही म्हणे. माझी चांगली सापडते. तिचं नाव शबाना, आणि हाताचा व्यायाम केला का म्हणून ती दर आठवड्याला फोनवर दटावते. पुष्पा म्हणते, देवीनंच धाडली. शबानाला हे सांगितलं तर म्हणाली, "मला तर डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं." मी दोघींशीही वाद घालत नाही. एवढंच कळलं, की शरण जाणं म्हणजे मन मारणं नव्हे. मी मात्र इतकी वर्षं मन मारण्यालाच शहाणपण समजत आले होते. हवं ते कुणापुढे तरी उघड बोलावं, आणि ते कुणाच्या हातून यावं हे आपण ठरवू नये.

पहिली पट्टी सुटली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "नसेल पाहायचं तर तिकडे तोंड करा." मी आरसा मागितला. सुजलेला, जांभळट, अजून परका, पण होता. बराच वेळ पाहत राहिले, आणि कुणाचे ते न ठरवता आभार मानले.