रस्त्याच्या पलीकडची विहीर

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या वहिनीचे. तिच्या तोंडावर असं म्हटलं तर ती म्हणेल, "उपकार करायला तू काय परका हायस का?" आणि पुढ्यात ताट आदळेल. आई गेली तेव्हा मी तिसरीत होतो आणि वहिनी नुकतीच लग्न होऊन आमच्या घरात आली होती. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीत. तिकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मी तिचा दीर, पण ती मला पहिल्यापासून तम्माच म्हणत आली.

आमचं गाव उदगीरहून लातूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. रस्त्याच्या एका बाजूला जुन्या वडांची रांग, दुसऱ्या बाजूला आमचं शेत, आणि शेताच्या बांधाला लागून विहीर. ती विहीर दादानं आणि वहिनीनं मिळून खोदली. दादा खाली पहारीनं दगड फोडायचा आणि वहिनी वर उभी राहून, दगड ओढून काढणाऱ्या यारीवाल्याशी भांडायची. पाणी लागल्यावर तिनं वांगी, मेथी, कोथिंबीर लावली. पहाटे जुड्या बांधून ती पहिल्या एस्टीनं उदगीरच्या बाजाराला जायची. कंडक्टर म्हणायचा, "मावशे, ही एस्टी हाय का भाजीमंडई?" वहिनी म्हणायची, "संध्याकाळी तुझ्या घरी काय शिजतंय ते सांग, मंग सांगते." त्या भाजीवर माझी उदगीरची शाळा झाली आणि पुढं लातूरचं कॉलेज. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात मी तिथं शेवटच्या वर्षाला होतो. एका खोलीत आम्ही चौघं राहायचो आणि नळाला पाणी नव्हतं. वहिनी पाण्याचा कॅन एस्टीत चढवून द्यायची आणि मी लातूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायचो. गावातले बोअरही आटले होते. आमच्या विहिरीचा झरा तेवढा टिकून होता. वहिनीनं भाजीचं पाणी तोडलं आणि विहीर गावाला मोकळी केली. सुट्टीत घरी गेलो की ती काठावर उभी दिसायची. "अगं ए, ही घागर हाय का रांजण? निम्मी भर अन् निघ!" असं ओरडत ती रांग सांभाळायची. बायका चिडायच्या, पण मोकळ्या हातानं कुणी परत गेल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं सांगायचं कारण पुढं येईल.

मी नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागलो. महिन्यातून एकदा गावाकडं जायचो. अशाच एका फेरीत एस्टीच्या खिडकीतून दिसलं, की वडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे टाकलेत. रस्ता रुंद होणार होता आणि आकडे पडलेली झाडं तोडायची होती. त्याच वडांखाली मी शाळेची बस धरायला उभा राहायचो. फार विचार न करता मी लातूरला एका निवृत्त प्राध्यापकांकडं गेलो. वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या या सरांनी झाडांसाठी काही लोक जमवले होते. त्यात दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या आणि दोन-तीन दुकानदार. सरांनी मला विचारलं, "लिहिता येतं का?" मी म्हणालो, "शिकवतो तरी मराठीच." निवेदनं लिहायचं काम माझ्याकडं आलं.

जिल्ह्याच्या कचेरीत आम्हाला सगळे नीट बसवून घ्यायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, "हे वरून ठरतं हो." वर म्हणजे मुंबई. मग सरांनी इतर जिल्ह्यांतल्या अशाच लोकांशी बोलणं सुरू केलं. कुणाची चिंचेची झाडं जाणार होती, कुणाची कडुलिंबाची. सगळ्यांनी मिळून राज्य सरकारकडं एकच मागणी करायची ठरली: जिथं एका कडेला जुनी झाडं आहेत, तिथं रस्ता दुसऱ्या कडेला रुंद करा. मसुदा मी लिहिला. तो सगळ्या जिल्ह्यांनी जसाच्या तसा घेतला, तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्या गावात दुसऱ्या कडेला काय आहे हे मला माहीत होतं. पण मागणी सबंध राज्याची होती, आणि आपल्या बांधाचा विचार करणं मला तेव्हा कोतेपणाचं वाटलं. तिथं रस्ता गावामागच्या गायरानातून वळवतील, असंही मी मनाशी धरून चाललो होतो. तसं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

पुष्कळ पत्रं पाठवल्यावर मुंबईची वेळ मिळाली. रात्रीच्या गाडीनं सर, डॉक्टरीणबाई आणि मी असे तिघं गेलो, आमदार निवासात तोंडं धुतली आणि पास काढून मंत्रालयात शिरलो. ज्या अधिकाऱ्यांकडं आमची फाइल होती, ते साधे, सौजन्यानं वागणारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि ते माझं निवेदन खरोखर वाचून आले होते. "हे कुणी लिहिलंय?" असं त्यांनी विचारलं. सरांनी माझ्याकडं बोट केलं. "चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या खोलीत आपलं लिहिलेलं कुणी वाचतं, आपल्याला बसायला सांगतं, यानंच मी पार विरघळलो होतो.

मग त्यांनी नकाशा उघडला. आमच्याच रस्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "झाडं सोडायची तर सोडू. पण पलीकडं काय आहे? तुमच्यापैकी कुणी तिथलं आहे का?"

"हे तिथलेच," सर म्हणाले.

साहेब माझ्याकडं बघू लागले. म्हणाले, "घरं, विहिरी असं काही असेल तर आत्ताच सांगा. मग मला दुसरं काहीतरी बघावं लागेल, आणि तुमची झाडं परत अडकतील."

मी म्हणालो, "जिरायत जमीन आहे, साहेब. फारसं काही नाही."

कागदावर ते खरंच होतं. आमच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही. दादानं ती कधी करून घेतली नाही आणि तलाठ्यानं आपणहून केली नाही. पण मला कागद कुणी विचारला नव्हता. मी तिथला आहे म्हणून मला विचारलं होतं. काम होत आलेलं असताना अडचणीचं उत्तर द्यायचं, ज्यांनी खुर्ची दिली त्यांना नाराज करायचं, हे माझ्यानं झालं नाही. परत येताना गाडीत सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी वरच्या बर्थवर जाऊन झोपलो, आणि मला झोपही लागली.

काही महिन्यांनी आदेश आला. आमच्या रस्त्यावरचे वड वाचले. लातूरला छोटा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भाषणं. दादा आणि वहिनी आले होते. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर माझी शाल हातात घेऊन तिनं चाचपली. "ऊबदार हाय की. झाडं वाचवली म्हणून दिली व्हय?"

"हाव."

"बरं केलंस. बायाबापड्या बसत्यात सावलीला." मग दादाकडं वळून म्हणाली, "तुम्हाला मेलं कुणी फडकं दिलं न्हाई आजवर." दादा हसला. मीही हसलो.

त्यानंतर दीडेक महिन्यानं दादाचा फोन आला. मोजणीवाले आले होते. त्यांनी शेतात खुंट्या मारल्या होत्या आणि विहीर खुंट्यांच्या आत, म्हणजे रस्त्यात येत होती.

"विहीर बुजवणार म्हणतेत," दादा म्हणाला. "अन् सातबाऱ्यावर न्हाई म्हणून तिचा मोबदला पण न्हाई. आरं, तू मुंबईला गेल्तास तवा विहिरीचं बोलला असशीलच की. मंग इकडं खुंट्या कामून मारलालेत?"

मी म्हणालो, "बघतो."

मागून वहिनीचा आवाज आला, "त्याला कामून तरास देलालाव? त्यो सांगूनच आला असंल. त्या सायबानंच ऐकलं नसंल!"

पुढच्या रविवारी गावी गेलो. खुंटीला लाल चिंधी बांधलेली होती. शेजारच्या शेतातले काका बांधावर बसले होते. मला बघून म्हणाले, "या झाडंवाले. झाडं वाचली, आता विहीर बुजली की तिच्यावर एक वड लावा. शाल मिळंल अजून एक."

मी काही बोलायच्या आत वहिनी मेथीच्या वाफ्यातून उठली. "काका, रेल्वेच्या पाण्याच्या साली तुमच्या म्हशी कुठं पाणी पीत होत्या? आमच्या तम्मानं मुंबईपर्यंत जाऊन सांगितलंय. तुम्ही तालुक्याला तरी गेलाव का?" काका उठून आपल्या शेताकडं चालू लागले. वहिनी माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नगंस. तू तुझं केलंस."

त्या दुपारी तिनं धपाटे केले, दह्याची वाटी पुढं सरकवली आणि विचारलं, "उदगीरला हरकतीची सुनावणी हाय म्हणं. तू येशील न्हवं? तुझ्यासारखं बोलाय आम्हाला येत न्हाई." मी येतो म्हणालो. तेव्हाच सांगायला हवं होतं. घास तोंडात होता, दादा समोर होता, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, की जणू विहीर राखणं आता माझ्याच हातात आहे.

लातूरला जाऊन सरांना आणि डॉक्टरीणबाईंना मात्र सगळं सांगितलं, सुनावणीत खरं सांगणार हेही. सरांनी आदेशाची प्रत काढून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तिथं विहीर आहे म्हणून तुम्ही लेखी दिलंत, तर तेवढ्या तुकड्याचा आदेश परत उघडेल. वड जाऊ शकतात."

"माहीत आहे, सर."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राज्यभर लोक आपला आदेश दाखवून भांडतायत. ते काय म्हणतील? स्वतःच्या घरावर आलं तेव्हा फिरले म्हणतील."

"म्हणू देत," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाची विहीर असती तरी मी असंच उत्तर दिलं असतं. त्याचीच जास्त भीती वाटते."

सरांनी माझ्या बाजूनंही कौल दिला नाही आणि विरुद्धही नाही. ते म्हणाले, "गायरानातून वळण काढता येईल का, ते आधीच विचारायला हवं होतं. सगळ्यांनीच." सगळ्यांच्या चुकीत मला नुसता एक भागीदार होता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता.

वहिनीला फोनवर सांगायचा प्रयत्न मी दोनदा केला. ती "जेवलास का?" विचारते आणि फोन दादाकडं देते. म्हणून शेवटी पत्र लिहिलं. तिची शाळा चौथीपर्यंत झाली आहे. ती बोट ठेवून वाचते, पण सगळं वाचते. ते पत्र असं:

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तू एकटी असताना वाच.

मुंबईला साहेबांनी मला विचारलं होतं, रस्त्याच्या पलीकडं विहीर आहे का. तू काकांना सांगितलंस की मी विहिरीचं सांगून आलो आणि साहेबांनी ऐकलं नाही. तसं झालं नाही. साहेब ऐकायला तयार होते. मीच म्हणालो, जिरायत आहे, काही नाही. झाडं अडकतील म्हणून म्हणालो. त्यांचा काही दोष नाही.

मी विसरलो नव्हतो. त्या वेळी विहीर माझ्या डोळ्यांसमोर होती. तू काठावर उभी होतीस, तेही आठवत होतं. तरी म्हणालो.

सुनावणीला मी येणार आहे. तिथं सगळ्यांसमोर सांगणार आहे की मी खोटी माहिती दिली, इथं विहीर आहे आणि आटल्या सालात सगळं गाव तिच्यावर जगलं. रस्ता गायरानाकडून वळवा असं मागणार आहे. तो वळेल असं मी तुला सांगू शकत नाही. विहीर जाईल, झाडं जातील किंवा दोन्ही जातील. त्या उन्हाळ्यात पाणी नेलेल्या बायकांना सोबत आण. कागदावर विहीर नाही, म्हणून त्यांनीच सांगायला पाहिजे. मी त्यांच्या वतीनं बोलणार नाही. त्यांचं त्यांना बोलू दे.

काकांना तू माझ्यासाठी बोललीस, ते खोटं ठरलं. त्यांच्याकडं जाऊन मी स्वतः सांगेन. दादालाही मीच सांगेन, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येतोय. तोवर त्याला काही बोलू नकोस.

घरात घ्यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांग. मी उदगीरला मित्राकडं उतरेन आणि सुनावणीला तिथूनच येईन.

तुझा,
तम्मा